कंस पूर्ण करा : शुक्रवारी काही हलवू नये

वेबसाइटी बांधणारी माणसं दिसतात तेवढी गंभीर नसतात, असं मी गेल्या महिन्यात लिहिलं आणि संपादकांच्या टेबलावर पत्रांचा ढीग पडला. त्यातली निम्मी "आमच्या बंटीला कुठेतरी चिकटवा" अशी होती. ती मी बाजूला ठेवली आहेत. बाकीच्यांतली काही इथे घेते. मी १९९९ पासून पुण्यात हेच काम करते आणि मूळची सांगलीची आहे, तेव्हा उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

ताई, माझा मुलगा घरूनच काम करतो. परवा रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठले, तर त्याच्या खोलीत बोलण्याचा आवाज. डोकावले. टेबलावर प्लॅस्टिकचं पिवळं बदक ठेवलेलं आणि हा त्याला सांगतोय, "हे बघ, आधी यादी येते, मग मी ती क्रमाने लावतो." मी नवस बोलू की डॉक्टर गाठू?
— एक आई, नाशिक

दोन्ही नको. बदकावर धूळ असेल तर तेवढी पुसून द्या.

हा आमच्याकडचा मान्यता पावलेला इलाज आहे. १९९९ साली दोन प्रोग्रॅमरांनी लिहिलेल्या एका पुस्तकामुळे तो जगभर गेला. प्रोग्रॅम अडला की रबरी बदक समोर ठेवायचं आणि आपण काय लिहिलंय ते त्याला ओळीओळीने समजावून सांगायचं. आपलंच लिखाण मनात वाचताना डोळा मोठी फसवणूक करतो. कागदावर काय आहे ते तो वाचत नाही, आपल्याला काय लिहायचं होतं ते वाचतो. तोंडाने सांगायला लागलं की एकही पायरी गाळता येत नाही. "मग हा आकडा एकने वाढतो..." असं म्हणता म्हणता माणूस थांबतो. "अरे, पण कुठे वाढतो?" चूक सापडलेली असते आणि बदकाने चोचही उघडलेली नसते.

माझ्याकडे बदक नव्हतं, सासूबाई होत्या. वाईजवळच्या खेड्यातल्या, सातवी शिकलेल्या. संध्याकाळी त्या मेथी निवडायला बसल्या की मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसायची आणि माझं रडगाणं लावायची. त्या मान वर न करता "हं" म्हणायच्या. तो "हं" इतका मोजूनमापून यायचा की मला वाटायचं, यांना कळतंय की काय. एकदा मी एका सोसायटीच्या वर्गणीचं पान समजावून सांगत होते. पैसे दोनदा कापले जातात अशी तक्रार होती आणि मला तीन दिवस कारण सापडत नव्हतं. "मग ती बाई बटण दाबते," मी म्हटलं. सासूबाईंनी काडी मोडली आणि विचारलं, "काही झालं नाही असं वाटून तिने परत दाबलं तर?"

तेच होतं. इंटरनेट हळू, पान हलेना, बाई परत बटण दाबते आणि आमचा प्रोग्रॅम दोन्ही वेळा इमानदारीत पैसे घेतो.

तेव्हा झोप लागत नसेल तर भाजीची जुडी घेऊन मुलाच्या खोलीत जाऊन बसा. मध्येच "लग्नाचं काय ठरवलंस" एवढं मात्र विचारू नका. बदक ते पथ्य पाळतं.

मी चार महिन्यांपूर्वी हिंजवडीत नोकरीला लागलो. शुक्रवारी दुपारी तीननंतर आमचे टीम लीड कुणालाही साइटवर नवीन काही चढवू देत नाहीत. खंडेनवमीला तर सर्व्हरच्या कपाटाला झेंडूचा हार आणि सगळ्यांच्या लॅपटॉपना हळदकुंकू. इंजिनिअर म्हणवणाऱ्यांना हे शोभतं का?
— एक बुद्धिवादी, वाकड

अरे बाबा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच पिशवीत भरू नकोस.

शुक्रवारचं आधी. २००६ सालची गोष्ट. टिळक रस्त्यावर एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौघं काम करायचो. कोकणातल्या एका आंबेवाल्यांची साइट मी केली होती, घरबसल्या हापूसची मागणी नोंदवायची सोय असलेली. अक्षय तृतीयेच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला, "ताई, डझनाऐवजी पेटीचा भाव दाखवता येईल का? छोटंसंच काम आहे." छोटंसंच होतं. दहा मिनिटांत केलं, साइटवर चढवलं आणि स्वारगेटवरून सांगलीची एसटी पकडली. मावसबहिणीचं लग्न होतं.

भाव मी बदलला होता. पण "किती हवेत" या रकान्यासमोरचा "डझन" हा शब्द तसाच राहिला होता. लोक बिचारे दोन डझन म्हणून दोन लिहीत होते आणि यादीत दोन पेट्या जात होत्या. शनिवारी मी हळदीला, रविवारी अक्षतांना. घरी फोन होता, इंटरनेट नव्हतं. सोमवारी सकाळी आंबेवाले अगदी शांत आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्या संगणकाने आमच्या बागेत आहेत त्यापेक्षा जास्त आंबे विकले." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी हातावरच्या मेंदीसकट सायबर कॅफेत बसून एकेका गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं, आणि कॅफेवाल्याने तासाचे पैसे रोख मोजून घेतले.

शुक्रवारी चूक जास्त होते असं नाही. चूक झाली की ती निस्तरायला लागणारी माणसं तोवर एसटीत बसलेली असतात, एवढाच मुद्दा. आता नवी मुलं म्हणतात, "तुमच्या तपासण्या पक्क्या असतील आणि मागे फिरायची वाट ठेवलेली असेल, तर शुक्रवार आणि मंगळवार सारखेच." बरोबर आहे त्यांचं. मी मान डोलावते आणि शुक्रवारी तीननंतर चहा पिते.

आता पूजेचं. तुला वाटतंय हे आपल्याकडेच चालतं. तैवानला जा. चिप बनवण्यात साऱ्या जगाच्या पुढे असलेला देश, पण तिथे सर्व्हरवर, एटीएमवर, कारखान्यातल्या यंत्रांवर कुरकुऱ्यांचं एक पाकीट ठेवलेलं दिसतं. 'क्वाय क्वाय' नावाचा मक्याचा खाऊ. नावाचा अर्थ साधारण 'शहाण्यासारखा वाग'. यंत्राने गुमान राहावं म्हणून तो त्याच्या डोक्यावर ठेवायचा. त्यातही सोवळं आहे. पाकीट हिरवंच हवं, म्हणजे खोबऱ्याच्या चवीचं, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. पिवळं किंवा लाल पाकीट ठेवलं तर यंत्र रुसतं. पाकिटावरची तारीख उलटून चालत नाही, उलटायच्या आत नवं आणावं लागतं. आणि यंत्रावरचं पाकीट कुणी फोडून खायचं नाही.

मला त्यातली तारखेची अट फार आवडते. पाकीट बदलायच्या निमित्ताने का होईना, कुणीतरी अधूनमधून त्या कपाटाशी जातं, पंखा फिरतोय का, वायर सैल झाली का, ते बघतं. आमच्याकडे खंडेनवमीच्या निमित्ताने वर्षातून एकदा सर्व्हरमागची जळमटं निघतात. २०१४ साली हार घालताना आमच्या शिपाईकाकांनी विचारलं, "मॅडम, हा तांबडा दिवा नेहमीच लागतो का?" नेहमी लागत नव्हता. एक डिस्क मेलेली होती आणि दुसरी त्याच वाटेवर होती. तेव्हा हार घालू दे. कुंकू फक्त कीबोर्डच्या फटीत जाऊ देऊ नकोस.

मी इंग्रजीचा निवृत्त शिक्षक. नातवाने सांगितलं की जगातला प्रत्येक ब्राउझर रोज एक चुकीचं स्पेलिंग पाठवतो आणि ते कुणी सुधारत नाही. हे खरं असेल तर लाजिरवाणं आहे.
— एक मास्तर, सातारा

सर, खरं आहे. तुम्ही एखाद्या दुव्यावर टिचकी मारून नव्या पानावर गेलात की तुमचा ब्राउझर त्या पानाला सांगतो, "हे गृहस्थ अमुक ठिकाणाहून आले." या निरोपाचं नाव 'रेफरर'. इंग्रजीत त्याच्या मध्ये दोन 'आर' हवेत. फिलिप हॅलम-बेकर या संगणकशास्त्रज्ञाने प्रस्ताव मांडला तेव्हा त्यातला एक खाल्ला गेला, आणि कुणाच्या लक्षात येईतो तो शब्द जिकडेतिकडे वापरात होता. १९९६ साली नियम छापले गेले तेही त्याच स्पेलिंगने. तोवर सुधारणं शक्यच नव्हतं. एका बाजूने शुद्ध लिहिलं आणि दुसरी बाजू अशुद्धाची वाट बघत बसली तर निरोपच पोचायचा नाही.

गंमत पुढे आहे. याच निरोपावर किती बंधनं घालायची ते ठरवणारा दुसरा नियम पुढे आला, त्याचं स्पेलिंग बरोबर आहे! जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रॅमिंग भाषेतही दोन 'आर' आहेत. म्हणजे एकाच पानाच्या कामात कुठे शुद्ध लिहायचं आणि कुठे अशुद्ध, हे पाठ करावं लागतं. तुम्ही हे वर्गात पाहिलेलं असणार. रेशनकार्डावर 'दिपक', दाखल्यावर 'दीपक', आणि दाखला दुरुस्त करायला गेलं की कारकून रेशनकार्ड मागतो. शेवटी माणूस जन्मभर दोन्ही नावांना ओ देतो.

मी स्वतः हा शब्द बरोबर लिहिल्यामुळे एक अख्खी दुपार वाया घालवलेली आहे. माझ्या इंग्रजीच्या बाईंना कळलं असतं तर त्यांना अभिमान वाटला असता.

कॉम्प्युटरमधल्या चुकीला बग म्हणतात. खरंच किडा होता का?
— इयत्ता आठवी, रत्नागिरी

होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत, हार्वर्डच्या मार्क-टू नावाच्या खोलीएवढ्या संगणकात, एका विजेच्या कळीत पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो वहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि शेजारी लिहिलं की बग खरोखरच सापडल्याची ही पहिली वेळ. वाक्यातला विनोद ओळखलास? 'बग' हा शब्द यंत्रातल्या खोडीसाठी आधीपासूनच चालत होता, एडिसनही तो वापरायचा. म्हणून तर त्यांना हसू आलं. ती वही पतंगासकट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आमच्या सांगलीच्या घरी मोडेममध्ये पाल गेली होती. ती आम्ही वहीत चिकटवली नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "४०४ सोडून एखादा कोड सांग." मी म्हटलं, "४१८, मी चहाची किटली आहे." सरांना वाटलं मी थट्टा करतोय. बाहेर काढलं. ताई, मी खरं बोललो होतो ना?
— तिसरं वर्ष, कराड

खरं बोललास, आणि थट्टाही केलीस. दोन्ही एकदम होऊ शकतं, हेच सरांच्या लक्षात आलं नाही.

बाकीच्या वाचकांसाठी सांगते. तुम्ही पान मागता तेव्हा समोरचा सर्व्हर आधी एक आकडा कळवतो. २०० म्हणजे घ्या. ४०४ म्हणजे असं काही इथे नाही. ५०० म्हणजे आमच्याकडेच पेटलंय, नंतर या. इंटरनेटचे नियम ज्या कागदांत लिहिले जातात, त्यात दर १ एप्रिलला एखादा कागद निव्वळ चेष्टेचा, पण खऱ्या कागदांइतक्याच करड्या चेहऱ्याने लिहिलेला असायची परंपरा आहे. १९९८ च्या १ एप्रिलला लॅरी मॅसिंटर यांनी कॉफीच्या भांड्यांशी नेटवरून कसं बोलावं याचे नियम लिहिले. कॉफी उकळायला लाव, अशी एक आज्ञा. दूध ओतताना 'बस' म्हणायची वेगळी आज्ञा. आणि कुणी चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितलं तर किटलीने उत्तर द्यायचं, ४१८, मी किटली आहे. २०१४ च्या १ एप्रिलला चहासाठी पुरवणी निघाली. सोळा वर्षं चहावाल्यांना ताटकळत ठेवलं, ही गोष्ट मी तरी विसरलेले नाही.

२०१७ साली एका जाणत्या माणसाने सुचवलं की थट्टा पुरे, हा आकडा खऱ्या प्रणालींतून काढून टाकू, उद्या खऱ्या कामाला लागेल. एवढा गलका झाला की विचारू नकोस. शेवटी २०२२ च्या नियमावलीत ४१८ या आकड्यापुढे 'वापरात नाही' असं लिहून ठेवलं, म्हणजे तूर्त तरी तो दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. चाळीतल्या गेलेल्या आजोबांची खुर्ची गॅलरीत तशीच असते ना, तसं.

आणि कॉफीच्या भांड्याचा आपल्या धंद्याशी संबंध हा नुसता विनोद नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात कॉफीचं एकच भांडं होतं, ट्रोजन रूम नावाच्या खोलीपाशी. दुसऱ्या मजल्यांवरची माणसं जिने चढून यायची आणि भांडं रिकामं. १९९१ साली त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला. चित्र करड्या रंगाचं, पोस्टाच्या तिकिटाएवढं, पण कॉफी आहे की नाही ते कळायचं. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि जगभरातली माणसं एक भांडं बघत बसली. २२ ऑगस्ट २००१ ला कॅमेरा बंद केला. ते भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. तेही बिघडलेलं!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही, हळहळ वाटली. एवढी हुशार माणसं आणि हाक मारली की कटिंग घेऊन वर येणारा एक पोऱ्या त्यांच्या नशिबात नव्हता.

पुढच्या परीक्षेला ३०१ सांग. 'बिऱ्हाड कायमचं हललं.' त्यावर कुणी हसत नाही.

माझ्या कवितांची साइट पुतण्याने करून दिली. एका कवितेत 'दऱ्याखोऱ्या' आहे, ते साइटवर 'दर्याखोर्या' असं उमटलंय. मी डोंगरावर लिहिलेली कविता समुद्रावर गेली. उपाय?
— एक कवी, चिपळूण

तुमचं दुःख मला नेमकं कळतं, कारण या एका अक्षरापायी माझी अब्रू गेली आहे.

आधी जुना काळ सांगते. २००१ च्या सुमाराला मराठी फॉन्ट म्हणजे वेशांतर होतं. आत साठवलेली अक्षरं इंग्रजी, वरून मराठीचा मुखवटा. पाहणाऱ्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल तर मुखवटा गळून पडायचा आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. "तुमची साइट चिनी भाषेत आहे," असा फोन मला महिन्यातून दोनदा यायचा. युनिकोड रुळलं आणि प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची ओळख मिळाली. मी त्या दिवशी पेढे वाटायला हवे होते. पण तोवर नवा घोळ आला.

कोथरूडच्या एका केटरिंगवाल्यांची साइट. लग्नामुंजीची कामं घ्यायचे. मजकूर त्यांचा, टंकन माझं. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत लिहायचं होतं, "आमच्या अनुभवी आचाऱ्यांना घरी बोलवा." मी लिहिलं, "आमच्या अनुभवी आचार्यांना घरी बोलवा." रफाराने घात केला. पंधरा दिवसांत त्यांना दोन घरांतून भागवत सप्ताहासाठी विचारणा झाली. तिसऱ्या फोनवर एका आजोबांनी दक्षिणा किती घेता असं विचारलं, आणि मालकांनी चुकून पंगतीच्या ताटाचा भाव सांगितला. आजोबा म्हणाले, "माणशी?"

उपाय सोपा आहे. 'आचार्य' मधला र डोक्यावर चढतो, 'आचाऱ्यां' मधला पोटातच आडवा झोपतो. त्या झोपणाऱ्यासाठी वेगळी कळ आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर ज्या कळीवर र आहे, तीच शिफ्टसह दाबली की खाली टिंब असलेला ऱ येतो. त्याचा पाय मोडा, मग य किंवा ह लिहा. दऱ्या, कुऱ्हाड, वाऱ्यावर. पुतण्याने घाईत साधा र घेतला असणार.

त्याला आणखी एक काम सांगा. प्रत्येक पानाच्या आत, वाचकाला न दिसणाऱ्या भागात, भाषा कोणती ते लिहायची जागा असते. तिथे मराठीसाठी 'एमआर' ही दोन अक्षरं आहेत का ते बघायचं. नसतील तर काही फॉन्ट तुमचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दाखवतात. अर्थ बदलत नाही, पण आपल्याच अंगणात परक्याची चप्पल दिसल्यासारखं वाटतं.

मी चित्रकलेची शिक्षिका. भाचीने वेबवरच्या रंगांच्या नावांची यादी दाखवली. टोमॅटो, चॉकलेट, पेरू नावाचा देश, काय काय आहे त्यात. त्यात एका जांभळ्याला मुलीचं नाव आहे. कुणाची आवडती?
— अकोला

त्या यादीतली बरीचशी नावं एका जुन्या संगणकप्रणालीतून जशीच्या तशी उचललेली आहेत, म्हणून ती अशी मंडईसारखी वाटतात. तुम्ही विचारलंत त्या रंगाचं मात्र तसं नाही.

एरिक मायर हे नाव वेबच्या रंगरूपाचं काम शिकलेल्या सगळ्यांना माहीत आहे. मीही त्यांचं लिखाण वाचूनच शिकले. त्यांची धाकटी मुलगी रेबेका मेंदूच्या कर्करोगाने जून २०१४ मध्ये गेली, सहाव्या वाढदिवसाच्या दिवशी. तिला जांभळा रंग आवडायचा. या धंद्यातल्या माणसांनी ठरवलं की वेबवर ६६३३९९ या आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या जांभळ्याला तिचं नाव द्यायचं. घरी तिला 'बेका' म्हणत, ते नाव आधी सुचवलं गेलं. वडिलांनी सांगितलं, पूर्ण 'रेबेका' लिहा. बेका हे लहान बाळाचं नाव आहे, सहा वर्षांची झाले की मी मोठी, मग मला रेबेका म्हणायचं, असं तिने बजावून ठेवलं होतं. आणि ती सहा वर्षांची झाली होती, जवळजवळ बारा तास.

ते नाव आता प्रत्येक ब्राउझरला कळतं. माझ्या टीममधलं कुणी तो रंग वापरतं तेव्हा मी आकडा पुसून नाव लिहायला सांगते.

मुलीला स्थळ आलंय. बायोडेटात मुलगा 'फ्रंट-एंड' असं लिहिलंय. तिचे मामा म्हणतात, बॅक-एंडवाला बघा, भक्कम असतो. आत्या म्हणते, फुल-स्टॅकच हवा. आम्हाला यातलं काही कळत नाही.
— एक वडील, सोलापूर

वेबसाइट म्हणजे लग्नघर समजा आणि तेच डोळ्यांसमोर आणा. मांडव, रांगोळी, पाहुण्याला "या, बसा" म्हणणारा आणि ताटात मीठ डावीकडे आहे ना ते बघणारा, तो फ्रंट-एंड. मागे भटारखाना, सामानाची खोली, तिची किल्ली कमरेला लावून "कुणाकुणाला किती नारळ दिले" याचा हिशोब ठेवणारे काका, ते बॅक-एंड. पाहुण्यांना काका दिसत नाहीत. पण काका झोपले तर पंगत उठते. आणि फुल-स्टॅक म्हणजे तुम्ही स्वतः, वधूपिता. मांडवात हसत उभे असता आणि दर दहा मिनिटांनी मागे जाऊन सिलिंडर संपला का बघून येता. त्यात सुख किती असतं ते तुम्हाला लवकरच कळेल.

भक्कमपणा यावरून ठरत नाही. पोहे खाऊन झाले की मुलाला सहज म्हणा, "आमचा प्रिंटर चालत नाहीये, जरा बघता का?" वेबसाइट बनवणाऱ्याचा प्रिंटरशी काडीचा संबंध नसतो. पण या धंद्यातला असा एकही माणूस नाही ज्याला नातेवाइकांनी हे विचारलेलं नाही. "ते माझं काम नाही" म्हणाला तर खरं बोलला, दोष देऊ नका. पण उठला, वायर काढून परत लावली, कागद सरळ केला, आणि "आता बघा, काका" म्हणाला, तर मामांना बाजूला घेऊन तारीख काढा.

शुक्रवार सोडून.